डीपीत (विकास आराखड्यात) आमच्या चाळीवरूनच रस्ता गेलाय!

प्रश्न: ताई, आमच्या मनपाचा नवीन विकास आराखडा लागलाय, त्यात चाळीवरनं १२ मीटरचा रस्ता दाखवलाय. ऑफिसात विचारलं तर म्हणे २० वर्षांचा प्लॅन आहे, आत्ता कुठे होतंय! हरकत घेऊ की सोडून देऊ?

उत्तर: अहो सोडून काय देताय, हरकत आत्ताच आणि लेखी द्या. १९६६च्या एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात हरकतीला ३० दिवस आहेत, मुंबईत ६०, तरी नोटिशीतली शेवटची तारीख आधी बघा. अर्जात नुसतं "अन्याय झाला" नको, सिटी सर्व्हे नंबर घाला, प्रॉपर्टी कार्ड जोडा आणि रस्ता मागच्या मोकळ्या जागेतनं वळत असेल तर नकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनाने काढूनच दाखवा, आणि हो, आवकचा शिक्का मारलेली पोच जपा, घाईत तीच विसरतात लोक. पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी होते, स्थायी समितीचे ३ सदस्य नि बाहेरचे तज्ज्ञ असतात, तिथे भाषण नको, नकाशा पुढे करा. काही होत नाही म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना सांगा, मुंबईच्या २०३४पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा एवढी ओरड झाली की २०१५ला सरकारने गुंडाळला आणि परत करायला लावला.