गळाच्या टोकापासून मागे मागे या

यावेळी पत्रांचा ढीग जवळजवळ एकाच विषयाचा आहे. गळानं मासे पकडायचा सीझन तोंडावर आलाय, लायसन्स आणि सामान तपासायची वेळ झालीय, गॅरेजमधून रॉड बाहेर निघालेत आणि सगळ्यांना एकदम जाग आलीय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे कुणाला आपलं वाक्य दुसऱ्याच्या प्रश्नात दिसलं तर रागावू नका.

प्रश्न: काका, मी लायसन्स मागच्या सीझनच्या मध्यावर काढलं होतं, म्हणजे वर्ष भरायला अजून वेळ आहे ना? मग आत्ताच रिन्यू करायची घाई कशाला?

वर्ष कुठलं ते आधी बघा. काही ठिकाणी लायसन्स काढल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतं, काही ठिकाणी ३१ डिसेंबरला सगळ्यांचं एकदमच संपतं, मग तुम्ही ते जानेवारीत काढलेलं असो की नोव्हेंबरात, आणि काही ठिकाणी ३१ मार्चला. म्हणून आठवणीवर जाऊ नका, कागदावर छापलेली 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन्ही तारखा वाचा. 'पासून' वाली तारीख कुणीच वाचत नाही. मीही नव्हती वाचली. एकदा रात्री ऑनलाइन रिन्यू केलं, पहाटे ऐटीत पाण्यावर गेलो, आणि तपासायला आलेल्या माणसानं मोबाइल हातात घेऊन शांतपणे दाखवलं की माझं लायसन्स आज नाही, उद्यापासून सुरू होतंय. दंड नाही झाला, पण सामान गुंडाळून सगळ्यांच्या समोरून परत यावं लागलं ते वेगळंच.

रिन्यू करताना नुसतं मागचं सगळं तसंच पुढे ढकलू नका. पत्ता बदललाय का, मुलगा किंवा मुलगी फुकटच्या वयातून बाहेर पडली का, यंदा खाडीत किंवा समुद्रावर जायचा विचार आहे का, कारण बऱ्याच ठिकाणी गोड्या आणि खाऱ्या पाण्याचं लायसन्स वेगळं असतं आणि काही जातींच्या माशांसाठी वरून आणखी एक परवाना लागतो. काही ठिकाणी मागच्या सीझनला काय पकडलं त्याची नोंद भरून दिल्याशिवाय पुढचं मिळतच नाही, आणि ती नोंदवही नेमकी शेवटच्या दिवशी सापडत नाही. सर्च केल्यावर सगळ्यात वर जी साइट येते ती सरकारी असेलच असं नाही, मधले लोक तेच लायसन्स जास्त पैसे लावून विकतात, तेव्हा पत्ता नीट बघून घ्या.

अजून एक घोळ पत्रांतून सारखा दिसतो. लायसन्स चालू आहे म्हणजे सीझन उघडलाय असं नाही, आणि दोन्ही असले तरी पाणी खासगी असेल तर मालकाची परवानगी लागतेच. मोबाइलवरची कॉपी चालत असेल तरी स्क्रीनशॉट काढून ठेवा, सोबत एक प्रिंट ठेवा, कारण पाण्याकाठी रेंज नसते आणि बॅटरी तर नेमकी तेव्हाच संपते.

प्रश्न: माझ्या रीलवरची लाइन दोन सीझन जुनी आहे पण दिसायला एकदम नवी. मित्र म्हणतो बदल, मी म्हणतो पैसे वाया. आमचं भांडण मिटवा.

लाइन, म्हणजे रीलवर गुंडाळलेली गळाची दोरी, कसली आहे ते लिहिलंच नाहीये तुम्ही! साधी नायलॉनची असेल तर मित्र जिंकला. नायलॉन पाणी शोषतं, उन्हातल्या अतिनील किरणांनी आतून कमजोर होतं, आणि हे डोळ्याला दिसत नाही, म्हणूनच तर ते फसवतं. हातभर लाइन काढून दोन बोटांमधून ओढून बघा, खरखर लागली, किंवा सोडल्यावर स्प्रिंगसारखी वेटोळीच राहिली, तर काढून टाका. आणि मी तर म्हणतो बघूच नका, नायलॉन दर सीझनला बदला, अख्ख्या सामानात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आहे. लोक नवीन रॉड घेतात आणि त्यावर जुनीच लाइन चढवतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली लाइन असेल तर मात्र तुम्ही जिंकलात. ती पॉलिथिलीनची असते, पाणी शोषत नाही, बरीच वर्षं टिकते. रंग उडाला म्हणून घाबरू नका, धागे विसकटलेत का तेवढं बघा. पुढचा भाग झिजला असेल तर आख्खी लाइन उलटी करून चढवा, म्हणजे आत दबलेला न वापरलेला भाग बाहेर येतो. फक्त ब्रेड गुळगुळीत असल्यामुळे रिकाम्या स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळायच्या रिळावर, घसरते, म्हणून खाली थोडी नायलॉनची गुंडाळी हवी, नाहीतर मोठा मासा लागल्यावर अख्खा गोळाच स्पूलवर गरागरा फिरतो आणि तुम्ही समजता ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी लाइन सोडणारा रीलचा ब्रेक, बिघडला.

तिसरी फ्लुरोकार्बनची लाइन, ती मी मुख्य लाइन म्हणून भरत नाही, लीडर म्हणजे गळाजवळचा पुढचा तुकडा म्हणूनच वापरतो. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो तो आकडा, साधारण १.३३, ह्याचा १.४२ आणि नायलॉनचा त्याहून जास्त, आकडा पाण्याच्या जवळचा म्हणून ती पाण्यात कमी दिसते. पण कडक असते, तेव्हा गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली कराच. कोरडी गाठ आवळली की घर्षणानं तापते आणि लाइन तिथेच मरते. मासे तुटून जातात त्यातले निम्मे तरी गाठीपाशीच जातात असा माझा संशय आहे.

स्पिनिंग रीलवर लाइन काठोकाठ भरू नका, कडेपासून २-३ मिलिमीटर खाली ठेवा. आणि काढलेली जुनी लाइन प्लीज पाण्याकाठी टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकते. बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाका.

प्रश्न: रील फिरवताना करकर आवाज येतो आणि हँडल जड लागतं. घरातला गंज काढायचा स्प्रे मारला तर चालेल का?

नको! तो स्प्रे आतलं ग्रीसच विरघळवतो, दोन दिवस रील लोण्यासारखं फिरतं आणि मग आधीपेक्षा वाईट होतं. बेअरिंगला तेलाचा एक थेंब, गिअरला ग्रीस, एवढंच लक्षात ठेवा, उलटं नको. समुद्रावर वापरलेलं असेल तर आवाज मिठाचाच असणार. नळाखाली हलक्या धारेनं धुवा, ड्रॅग घट्ट करून धुवा म्हणजे पाणी वॉशरमध्ये शिरणार नाही, वाळलं की ड्रॅग परत ढिला करून ठेवा. सीझनभर घट्ट ठेवून दिलेला ड्रॅग दबून बसतो आणि मग पहिल्याच माशाला झटके देत सुटतो.

ड्रॅग किती ठेवायचा हे पण बऱ्याच जणांनी विचारलंय. लाइनची जी ताकद लिहिलेली असते तिच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा. म्हणजे ४ किलोची लाइन असेल तर एक ते १.३ किलोला ड्रॅग सुटायला पाहिजे. अंदाजानं नको, लाइनला ताणकाटा लावून रॉड वाकवून ओढा आणि आकडा बघा.

प्रश्न: गळ गंजलेत, घासून वापरू का? आणि रबरी अळ्या डब्यात वितळून एकमेकांना चिकटल्यात, हे कसं झालं?

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकंच ओढा. रुतलं तर धारदार, घसरलं तर बोथट. वरवरचा गंज असेल तर बारीक कानशीनं टोक काढता येतं, पण दांड्यावर खड्डे पडले असतील तर फेका, तो गळ तुमच्या चांगल्या माशाच्या दिवशीच तुटणार. ओले गळ डब्यात टाकलेत ना मागच्या वर्षी? एक गंजला की बाकीच्यांना लागण होतेच.

आमिषाच्या त्या रबरी अळ्यांचं म्हणाल तर त्यातलं मऊ करणारं रसायन दुसऱ्या प्लॅस्टिकला विरघळवतं. ज्या पाकिटात आल्या त्यातच राहू द्या. शिशाची वजनं वापरत असाल तर नियम बघून घ्या, ब्रिटनमध्ये १९८७ पासून छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे कारण हंस ती गिळून मरत होते, आणि इतर काही ठिकाणीही तसे नियम आहेत.

प्रश्न: रॉडला काय करायचं असतं? दिसायला तर ठीक आहे.

कानात घालायची कापसाची काडी घ्या, लाइन ज्यांतून जाते त्या प्रत्येक रिंगेच्या आतून फिरवा. कापूस अडकला तिथे तडा आहे, आणि तोच तडा तुमची नवी लाइन कापतो. जोड सुटत नसेल तर पिळू नका, सरळ ओढा, सुटल्यावर मेणबत्तीचं मेण थोडं चोळा. आणि कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. वरून तारा गेल्या असतील तिथे उभं राहू नका, ढग गडगडले की रॉड खाली ठेवा आणि पाण्यापासून लांब जा.

प्रश्न: फुगणारं लाइफ जॅकेट तीन वर्षं वापरलंच नाही, म्हणजे नवंच आहे ना? आणि दुसऱ्या नदीवर जायचंय तर बूट धुवायलाच पाहिजेत का?

न वापरलेलं आणि नवं यात फरक आहे. तोंडानं फुगवा, रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडलं तर गळती आहे. गॅसचा सिलिंडर काढून वजन करा, त्याच्यावर कोरलेल्या वजनापेक्षा कमी भरला तर बदला, परत लावताना हातानं घट्ट आवळा, ढिला राहिला तर फुगतच नाही. आपोआप फुगणाऱ्या जॅकेटमध्ये पाणी लागलं की उडणारा एक भाग असतो, त्याच्यावर संपायची तारीख असते, ती बहुतेक कधीच उलटून गेली असेल.

बुटांचं उत्तर हो. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ नदीत सापडलं, डोळ्याला न दिसणारा एक थेंब पुरतो ते पसरायला, आणि २००८ मध्ये तिथे नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाच्या, तळाचे बूट वापरायलाच बंदी घातली कारण नमदा लवकर वाळत नाही. तेव्हा बूट, वेडर (पाण्यात उभं राहायला घालतात ती जलरोधक विजार), जाळं सगळं ब्रशनं घासा, चिखल त्याच काठावर सोडा, मग पूर्ण वाळू द्या, आणि वाळलं म्हणजे आतली शिवण बोटानं चाचपून बघा, बाहेरून कोरडं दिसतं तेव्हा आत ओलच असते.