वाचक विचारतात : दारूचं दुकान सरकारी बरं की प्रायव्हेट?

मागच्या महिन्यात इथे दारूच्या वाढलेल्या ड्युटीबद्दल चार ओळी काय लिहिल्या, एवढी पत्रं आली की वाटलं हा कॉलम आता परमिट रूममध्ये बसूनच लिहावा. (बसत नाही हो, अ‍ॅसिडिटी आहे.) तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली म्हणून ती एकत्र घेतोय.

नाशिकहून एक काकू विचारतात : माझी मुलगी सिएटलजवळ रेडमंडला असते. आम्ही दोघं उन्हाळ्यात तिकडे होतो तेव्हा जावयांनी ह्यांच्यासाठी व्हिस्की आणली, रॅकवर 20 डॉलर लिहिलं होतं आणि बिल झालं 27 च्या आसपास. जावई म्हणाले, पूर्वी इथे दुकानं सरकारी होती, प्रायव्हेट केली आणि महाग झाली. हे उलटं कसं काय? प्रायव्हेट आलं की भाव उतरतात ना?

काकू, जावई बरोबर सांगतायत. आधी बिलाचं बघू. वॉशिंग्टन राज्यात स्पिरिट्सवर, म्हणजे व्हिस्की रम व्होडका वगैरेवर, 20.5 टक्के सेल्स टॅक्स आहे, 20 डॉलरवर झाले 4.10. शिवाय लिटरमागे 3.77 डॉलर वेगळे, 750 मिलीच्या बाटलीला 2.83. टोटल मारा, 26.93. हे दोन्ही टॅक्स दुकानं सरकारी होती तेव्हाही होतेच, फक्त तेव्हा रॅकवर टॅक्स धरून किंमत लिहिलेली असायची त्यामुळे काउंटरवर धक्का बसायचा नाही.

पण नुसता तेवढाच फरक नाही. तिकडे बियर-वाइन आधीपासून किराणा दुकानात मिळायची, कडक माल मात्र सरकारी दुकानातच. 2010 ला हे मोडायचे दोन प्रस्ताव मतदानाला आले आणि दोन्ही पडले. मग 2011 च्या नोव्हेंबरमध्ये इनिशिएटिव्ह 1183 नावाचा तिसरा प्रस्ताव आला, त्याच्यामागे कॉस्टको ही मोठी दुकानसाखळी, ज्यांचं हेडऑफिस तिथेच इसाक्वाला आहे, त्यांनी 22 मिलियन डॉलरच्या आसपास ओतले आणि सुमारे 59 टक्के मतांनी तो पास झाला. आता त्यातली गंमत बघा. दुकानं प्रायव्हेट होऊ शकतात पण कमीत कमी 10,000 स्क्वेअर फुटाची पाहिजेत! म्हणजे कोपऱ्यावरचा छोटा दुकानदार आपोआप बाहेर, सूट मुख्यतः जुन्या सरकारी दुकानांच्या जागी जे येतील त्यांना. सरकारने स्वतः चालवलेल्या 167 दुकानांच्या जागी विकायचे हक्क लिलावात काढले, छोट्या लोकांनी हौसेने बोली लावली, आणि पुढे त्यातले बरेच मोठ्या सुपरमार्केटसमोर टिकले नाहीत. कायदा कोणाच्या मापाने शिवला होता ते कळलं असेल.

1 जून 2012 ला विक्री सुरू झाली आणि लोकांनी बिल बघून डोक्याला हात लावला. झालं होतं असं की पूर्वी सरकार मालावर 51.9 टक्के मार्कअप लावायचं. तो गेला, पण सरकारला आपलं उत्पन्न तर सोडायचं नव्हतं, म्हणून डिस्ट्रिब्युटरवर 10 टक्के फी (दोन वर्षांनी 5 झाली) आणि दुकानदारावर 17 टक्के फी बसवली, आणि त्याच्यावर डिस्ट्रिब्युटरचा नफा वेगळा, दुकानदाराचा वेगळा. एक माणूस उठला आणि त्याच्या पाटावर तिघं येऊन बसले, मग ताटात कमी येणारच की. सरकारचं उत्पन्न मात्र घटलं नाही, वाढलंच. आणि सगळ्यात भारी म्हणजे दक्षिणेकडचे लोक गाडी काढून नदीपलीकडे ओरेगनला जायला लागले बाटल्या आणायला, जिथे माल आजही सरकारच्याच मालकीचा असतो. प्रायव्हेटच्या भावाला कंटाळून सरकारी दारू!

फायदे झालेच नाहीत असं नाही. दुकानं 328 ची हजाराच्या कितीतरी वर गेली, रात्री उशिरा मिळायला लागलं, रविवारीही सर्रास मिळायला लागलं. ज्याला सोय पाहिजे होती त्याला सोय मिळाली. स्वस्त होईल म्हणून ज्याने मत दिलं तो फसला.

दिल्लीहून, करोल बागेतले एक वाचक : दिल्लीत माझी 26 वर्षं गेली. 2021-22 मध्ये इकडे दुकानं पूर्ण प्रायव्हेट केली होती, एसी दुकानं, हातात घेऊन बाटली बघता यायची, एकावर एक फ्री. मग परत सरकारी झाली आणि परत तीच लोखंडी जाळी, तेच "ये ब्रँड नहीं है". चांगलं चाललेलं बंद का पाडलं?

साहेब, ते "एकावर एक फ्री" आठवतंय ना, अर्धं उत्तर त्यातच आहे. 17 नोव्हेंबर 2021 ला नवीन पॉलिसी आली, सरकारची चार कॉर्पोरेशन्स रिटेलमधून बाहेर पडली, 32 झोन पाडून 849 दुकानांची लायसन्स बोलीने दिली. आतापर्यंत ठीक. पण पूर्वी टॅक्स बाटलीमागे जायचा, नवीन पॉलिसीत बहुतेक सगळं लायसन्स फीमध्येच धरलं आणि बाटलीवरची एक्साइज आणि व्हॅट एकेक टक्क्यावर आणले. आता दुकानदाराच्या जागी बसून विचार करा. फी तर भरलीये, 100 बाटल्या विका नाहीतर 1000 विका, सरकारला द्यायचं तेवढंच. मग प्रत्येक जास्तीची बाटली म्हणजे जवळपास निव्वळ कमाई, मग का नाही तो फुकट वाटणार? ज्याच्याकडे पैसा होता त्याने भाव पाडले, शेजारच्या झोनवाल्याचा धंदा बसला, काहींनी मधेच लायसन्स परत केली. फेब्रुवारी 2022 च्या शेवटी सरकारने डिस्काउंट बंद केले, एप्रिलमध्ये परत 25 टक्क्यांपर्यंत परवानगी दिली, म्हणजे धरसोड चालूच. गुडगाव-नोएडाचे लोक उलटे दिल्लीत यायला लागले ते तुम्ही बघितलंच असेल.

1 सप्टेंबर 2022 पासून परत सरकारी. नंतरच्या अटका, जामीन, आरोप हा कोर्टाचा विषय, त्यात मी शिरत नाही. पण कॅगचा अहवाल फेब्रुवारी 2025 ला विधानसभेत आला, त्यात सुमारे 2,000 कोटींचं नुकसान सांगितलंय आणि त्यातला मोठा भाग दोन गोष्टींचा आहे, काही वॉर्डांत नियमामुळे दुकानं उघडताच आली नाहीत आणि परत केलेल्या झोनची पुन्हा बोली लावली नाही. म्हणजे "प्रायव्हेट वाईट" असा निष्कर्ष मी तरी काढणार नाही. फीची रचना गंडली होती. तुमची जाळीबद्दलची तक्रार मात्र शंभर टक्के खरी, पैसे देऊन रेशनच्या लायनीत उभं राहिल्यासारखं वाटतं.

सांगलीहून एक ताई : आमच्या गावात दारूने घरं बसली. सरकारनेच दुकानं ताब्यात घेतली तर शिस्त येईल, पिणं कमी होईल, असं नाही का होणार?

ताई, तुमचा हेतू कळतो पण मला तसं वाटत नाही. तामिळनाडूत 2003 पासून रिटेल टास्मॅक या सरकारी कंपनीकडे आहे, आणि 2023-24 मध्ये त्यातून सरकारला 45,000 कोटींच्या वर मिळाले. एवढे पैसे ज्या गल्ल्यातून येतात तो गल्ला कुठलं सरकार बंद करेल? वर बाटलीमागे दहा रुपये जास्त घेतात ही तक्रार तिथे कायमची. आंध्रात तर 2019 ला हळूहळू दारूबंदी करू म्हणून दुकानं सरकारी केली, ओळखीचे ब्रँड गायब, भलत्याच नावांच्या बाटल्या आल्या, लोक चिडले, आणि ऑक्टोबर 2024 ला नवीन सरकारने लॉटरी काढून 3,396 दुकानं परत प्रायव्हेट केली. अर्जाची फी 2 लाख, नंबर लागला नाही तरी परत नाही, आणि अर्ज आले नव्वद हजारांच्या घरात. नुसत्या अर्जातच सरकारने सुमारे 1,800 कोटी कमावले!

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची गोष्ट तर ऐकाच. 1936 ला तिथे जॉन्सटाउनला पूर आला, मदतीसाठी दारूवर तात्पुरता 10 टक्के टॅक्स लावला. पूर ओसरला. टॅक्स आज 18 टक्के आहे. (आपल्याकडे 2015 चा पेट्रोलवरचा दुष्काळ सेस आठवला का?)

आपल्याकडे दुकानं प्रायव्हेटच आहेत, पण बायकांच्या हातात जे आहे ते टास्मॅकवाल्यांकडे नाही. आडवी बाटली, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं मतदान. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज दिला की मतदान लावावं लागतं. फक्त एक लक्षात ठेवा, मतदानाला आलेल्यांपैकी नाही तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, आणि बरीच गावं इथेच हरतात कारण दुकानवाल्याला कुणाला पटवायची गरजच नसते, त्या दिवशी बायका शेतावर गेल्या की झालं. यादी जुनी असेल तर लग्न होऊन गेलेल्या मुलींची, वारलेल्या म्हाताऱ्यांची नावं तुमच्याच विरोधात धरली जातात. तेव्हा सह्यांच्या आधी तहसीलमधून मतदार यादी काढा आणि ती दुरुस्त करून घ्या.