फरशी पुसली हा गुन्हा नाही. पण ते फडकं आता धुऊ नका

प्रश्न : मी पुण्यात घरकाम करते. एका घरी रोज दहाला जाते, पण त्या दिवशी साहेबांनी सातलाच बोलावलं. नाकाचा घोळणा फुटला म्हणाले, ब्लीचच्या दोन नव्या बाटल्या दिल्या आणि बेडरूम-बाथरूम धुऊन घे म्हणाले. ब्लीचबरोबर मी टॉयलेट क्लीनरही ओतलं, तर इतका ठसका लागला की दवाखान्यात जावं लागलं. दोन दिवसांनी कळलं की बाईंचा खून झाला होता. साहेब अटकेत आहेत. पोलिसांचे तीन फोन येऊन गेले. साहेबांचे भाऊ म्हणतात, "त्या दिवशी आलेच नव्हते असं सांग, पैसे देतो." पुसायचं फडकं माझ्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. ते टाकून देऊ का? मला अटक होईल का?

उत्तर : ताई, आधी फडक्याचं बोलू. ते धुऊ नका, जाळू नका, घंटागाडीत टाकू नका. ओलं कापड प्लॅस्टिकमध्ये कोंडलं की बुरशी धरते आणि त्यावरचा डीएनए खराब होतो. म्हणून फडक्याला हात न लावता पिशवीचं तोंड फक्त उघडं करा, ती उन्हात ठेवू नका आणि आज-उद्याच पोलिसांच्या ताब्यात द्या. पोलीस पंचांसमक्ष जप्ती पंचनामा करतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे त्याचं चित्रीकरणही व्हायला हवं. पंचनामा वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण असं. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा आहे (१ जुलै २०२४ पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम २०१). मूळ गुन्हा खुनाचा असेल, तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मात्र नुसती फरशी पुसली म्हणून हे कलम लागत नाही. गुन्हा घडलाय हे तुम्हाला माहीत होतं, किंवा तसं मानायला सबळ कारण होतं, आणि गुन्हेगाराला वाचवण्याच्या हेतूनेच तुम्ही पुरावा नष्ट केला, हे सगळं सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. नुसता संशय पुरेसा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पलविंदर कौर खटल्यात १९५२ सालीच म्हटलं आहे.

म्हणजे त्या सकाळी तुम्ही अजाणता काम केलंत. आज तुम्हाला सगळं माहीत आहे. आज फडकं धुतलंत, तर तो बचाव तुमच्या हातून गेला. भावाच्या सांगण्यावरून "आलेच नव्हते" म्हणालात तरी तेच होईल, कारण गुन्हेगाराला वाचवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हेही याच कलम २३८ मध्ये येतं. शिवाय ते खोटं टिकणार नाही. सोसायटीच्या गेटवरची नोंद, सीसीटीव्ही, साहेबांचा तुम्हाला आलेला फोन, सगळीकडे सातची वेळ असणार. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे ते जपून ठेवण्याची विनंती वकिलामार्फत तपास अधिकाऱ्यांना लगेच लेखी द्या.

पोलीस तुम्हाला अडचणीचं विचारतील ते हेच : सातला का बोलावलं, नव्या बाटल्या का, शंका कशी आली नाही? याचं उत्तर घोकून जाऊ नका. साहेबांचे शब्द जसेच्या तसे सांगा. डाग कुठे होते, किती मोठे, बेडरूमच्या उंबऱ्याशी होते की बाथरूमच्या जाळीपाशी, किती पाणी ओतलं, ते कुठल्या मोरीत गेलं, सगळं सांगा. ब्लीच वापरल्याचं तर आवर्जून सांगा. रक्त शोधायला वापरतात ते ल्युमिनॉल ब्लीचवरही चमकतं, त्यामुळे नुसत्या चमकेवरून निष्कर्ष काढता येत नाही. तज्ज्ञांना हे आधी कळलं की ते लादीच्या सांध्यांतून, उंबऱ्याखालून, मोरीच्या ट्रॅपमधून नमुने घेऊन पुढच्या चाचण्या करतात. वरून स्वच्छ दिसणाऱ्या फरशीच्या फटींत रक्त उरलेलं असू शकतं. त्या बाईंना न्याय मिळण्यात तुमच्या आठवणीचा वाटा फार मोठा असू शकतो.

ठसक्याचा केसपेपर सांभाळून ठेवा. ब्लीच आणि आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, ठसका त्याचाच. तारीख-वेळेसह तो कागद तुमच्या सांगण्याला आधार देतो. (यापुढे ही दोन कधीच एकत्र ओतू नका.)

जबाबासाठी फोन पुरेसा नाही, लेखी नोटीस मागा. नोटिशीवर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ असेल तर तुम्ही साक्षीदार आहात, आणि स्त्रीला जबाबासाठी राहत्या ठिकाणाखेरीज कुठेही हजर राहायची सक्ती करता येत नाही. ३५(३) असेल तर पोलीस तुमच्याकडे संशयित म्हणून पाहताहेत. ती नोटीस टाळू नका, वकील गाठून दिलेल्या दिवशी हजर राहा. पोलिसांसमोरच्या जबाबावर सही करायची नसते (कलम १८१). तुमचं म्हणणं पक्कं नोंदवायचं असेल तर कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब देण्याची विनंती वकिलामार्फत करा.

अटकेचं म्हणाल तर एकटं कलम २३८ जामीनपात्र आहे. खुनाचं किंवा कटाचं कलम जोडण्याची चिन्हं दिसली, तरच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा लागेल. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

भावाचे पैसे घेऊ नका, त्याला एकटीने भेटू नका, त्याचे फोन-मेसेज पुसू नका. त्याने धमकी दिली तर खोट्या साक्षीसाठी धमकावणं हा न्याय संहितेच्या कलम २३२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. तशी तक्रार द्या आणि साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करा.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. स्त्री म्हणून, उत्पन्न कितीही असो, तुम्हाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा किंवा शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आधार कार्ड आणि केसपेपर घेऊन जा. तिथे जाताना पिशवी मात्र घरीच राहू द्या. वकिलाला तिच्याबद्दल सांगा आणि त्यांच्यासमोरच पोलिसांना कळवा.