ओलाव्याचा सेन्सर घेऊ का?

प्रश्न: जुन्नरला आमचा दोन एकर टोमॅटो आहे, ड्रिप आहे पण पाणी अंदाजानंच सोडतो. सेन्सर घ्यावा का?

उत्तर: दादा घ्या, पण महागडं ॲपवालं मशीन लगेच नको, आधी साधा टेन्शिओमीटर लावा. पाण्यानं भरलेली नळी, खाली चिनीमातीचं सच्छिद्र टोक, वर डायल, बस. माती सुकली की नळीतलं पाणी ओढते अन् काटा चढतो, काटा 10 सेंटीबारच्या (माती पाणी किती जोरानं ओढते त्याचं माप) खाली असला म्हणजे रान तुडुंब ओलं. एक 15 सेंमीवर, दुसरा 30 वर रोवा, खालचा काटा हललाच नाही तर पाणी जास्त होतंय, अन् त्यासोबत खतातला नत्रही मुळांखाली वाहून चाललाय. काळ्या रानात भेगा पडल्या की टोक मोकळं पडतं, मग रीडिंग खोटं येतं, तेवढं बघत जा.