तपासणी किती झाली आणि कशासाठी झाली?

मोठ्या आतड्याच्या आणि प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : उदगीर तालुक्यात माझा दवाखाना आहे. पंचेचाळिशीपुढच्या पेशंटना मी शौचातल्या रक्ताची ‘फिट’ तपासणी सांगतो, पुरुषांना प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ताची तपासणीही सांगतो. निम्मे तरी करून घेत असतील असा अंदाज आहे. नेमकं मोजायचं कसं?

उत्तर : अंदाज बाजूला ठेवा. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला आकडा केसपेपरवरच्या आकड्यापेक्षा बहुधा मोठाच निघतो. पेशंटलाही ‘तपासणी झाली का’ विचारलं, तर कधीकाळी केलेली सोनोग्राफी आठवून तो हो म्हणतो.

गेल्या वर्षात एकदा तरी येऊन गेलेल्या ४५ ते ७५ वयाच्या सगळ्यांची यादी करा. आठशे नावं असतील तर दर आठवं नाव घ्या, म्हणजे शंभर केसपेपर होतील. वर हाताला लागतील ते शंभर उचलू नका. त्यात दर महिन्याला येणारे बीपी-शुगरवालेच भरतात आणि आकडा फुगतो. आतड्याचा कॅन्सर आधीच झालेले वगळा. फिट वर्षाच्या आत किंवा कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं पाहणं) दहा वर्षांच्या आत झालेली असेल आणि रिपोर्ट तुम्ही स्वतः पाहिला असेल, तरच ‘झाली’ धरा. रक्त पडतं किंवा वजन उतरलं म्हणून केलेली तपासणी निदानासाठी असते. तिला वेगळा रकाना ठेवा.

एकाच टक्केवारीवर थांबू नका. सांगितलं, नमुन्याची डबी दिली, डबी परत आली, पॉझिटिव्ह निघाली, कोलोनोस्कोपी झाली, असे पाच रकाने आखा. खरी गळती शेवटच्या दोनांत सापडते. फिट पॉझिटिव्ह येऊन पुढे कोलोनोस्कोपी झाली नसेल, तर त्या पेशंटला तपासणीचा काहीच उपयोग झाला नाही. शंभरात वीस जणांची तपासणी झालेली निघाली, तर खरा आकडा साधारण १२ ते २८ टक्क्यांत कुठेतरी आहे असं समजा. पुढच्या वर्षी २४ आले म्हणून लगेच सुधारणा झाली असं म्हणता येणार नाही.

केसपेपर चाळताना दोन चुका मुद्दाम शोधा. एक म्हणजे गुदद्वारात बोट घालून तपासताना हातमोज्याला लागलेल्या शौचावरच रक्ताची चाचणी उरकणे. शौचातलं रक्त रंगबदलावरून ओळखणाऱ्या जुन्या ग्वायाक चाचणीवर झालेल्या एका अभ्यासात अशा एका नमुन्याने पुढच्या टप्प्यातल्या गाठींपैकी जेमतेम पाच टक्के पकडल्या होत्या. घरी घेतलेल्या सहा नमुन्यांनी चोवीस टक्के पकडल्या. दुसरी चूक म्हणजे पॉझिटिव्ह आल्यावर ‘पुन्हा एकदा करून बघू’ म्हणणे. गाठीतून रोज रक्त येत नाही, त्यामुळे दुसरी निगेटिव्ह आली तरी पहिली खोटी ठरत नाही.

आपल्याकडे उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसला टेकतो, गाडीच्या डिकीत दिवसभर राहिलेल्या नमुन्यातलं हिमोग्लोबिन विरतं आणि खोटा निगेटिव्ह येतो. डबी कागदात गुंडाळून थंड जागी ठेवायला आणि सकाळच्या पहिल्या फेरीतच लॅबला द्यायला सांगा. शौच पाण्यात पडण्याआधी कागदावर घ्यावं, डबीतली काडी त्यात चार-पाच ठिकाणी फिरवावी आणि काडीच्या खाचा भरतील एवढंच घ्यावं. जास्त कोंबलं तर चाचणी बिघडते.

प्रोस्टेटला हीच फूटपट्टी लावू नका. तिथे टक्केवारी जास्त म्हणजे काम चांगलं असं नसतं. ५५ ते ६९ वयात फायदे-तोटे सांगून पेशंटने ठरवल्याची नोंद किती केसपेपरवर आहे, ते मोजा. सत्तरीपुढच्या किती जणांचा पीएसए विनाकारण झाला आणि लघवीचा संसर्ग असतानाच किती जणांचा काढला, हेही मोजा.

तालुक्याचा तयार आकडा मिळणार नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचीच कॅन्सर तपासणी आहे. दवाखान्याच्या यादीवरून गावाचा आकडाही काढू नका, कारण न येणारे त्या यादीत नसतातच. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या तपासणीचा जो अभ्यास झाला, त्यात बोलावूनही न आलेल्या बायका हिशेबात धरल्या होत्या. 

प्रश्न : परभणीच्या शिबिरात वडिलांचा पीएसए ६.२ आला. वय ७४. पंधरा दिवसांपूर्वी लघवी अडकली म्हणून नळी घातली होती. बायोप्सी लगेच करायची का?

उत्तर : घाई नको. लघवी अडकणं, नळी, संसर्ग आणि नुसती वाढलेली ग्रंथी, या सगळ्यांनी पीएसए चढतो. आधी लघवीची तपासणी आणि कल्चर करा, संसर्ग असेल तर पूर्ण उपचार घ्या. मग सहा ते आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा पीएसए करा. आधीचे दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळायचे. गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा. ग्रंथी आकसवणारी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त चालू असेल, तर पीएसए निम्म्यावर येतो आणि आलेला आकडा दुप्पट करून वाचावा लागतो. लघवी मोकळी करणाऱ्या नुसत्या टॅम्सुलोसिनने तसं होत नाही.

तरीही चढाच राहिला तर बायोप्सीआधी एमआरआय. मात्र बोटाने तपासताना ग्रंथी दगडासारखी लागली किंवा कंबरेची हाडं सतत दुखत असतील, तर वाट न पाहता युरोलॉजिस्टकडे जा. खरं तर या वयात शिबिरात सरसकट पीएसए काढूच नये. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात ५५ ते ६९ वयाच्या ४५६ पुरुषांना तपासणीला बोलावल्यावर प्रोस्टेट कॅन्सरचा एक मृत्यू टळला, तोही २३ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर.

प्रश्न : बीडला माझ्या सख्ख्या भावाला ४८ व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला. माझं वय ३९. मला अधूनमधून रक्त पडतं, मूळव्याधीचं औषध चालू आहे.

उत्तर : तुम्हाला फिट नको, थेट कोलोनोस्कोपी हवी. सख्ख्या नात्यात साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीला किंवा त्या माणसाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा सुरुवात करतात. तुमच्या बाबतीत ते ३८, म्हणजे वर्ष उलटून गेलं. पहिली स्वच्छ आली तरी दर पाच वर्षांनी. शिवाय रक्त पडतंय. मूळव्याध असली म्हणून वर गाठ नसेल असं नाही, आणि आत न पाहता इंजेक्शन किंवा क्षारसूत्र करून घेऊ नका.

पोट साफ होणं अर्धं काम आहे. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद. दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, पेरू आणि टोमॅटोच्या बिया बंद; मऊ भात आणि वरणाचं पाणी चालेल. आदल्या दिवशी नारळपाणी, गाळलेलं सूप, बिनदुधाचा चहा. लाल-जांभळं सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. पावडरचं द्रावण निम्मं रात्री आणि निम्मं सकाळी तपासणीच्या चार ते सहा तास आधी घ्या. सगळं रात्रीच पिऊन टाकलं तर सकाळी उजव्या बाजूला पुन्हा चिकट थर बसतो. शेवटची शौच फिकट पिवळ्या पाण्यासारखी झाली पाहिजे. शुगरच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांबद्दल आधीच विचारून घ्या. रिपोर्टमध्ये दुर्बीण सिकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत) पोचली का आणि आतडं किती साफ होतं, हे लिहिलेलं आहे ना, ते तिथेच वाचून बघा.