आधी पोट, मग खोगीर

वाचकांचे प्रश्न : शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांची देखभाल

प्रश्न : आमच्या आश्रयस्थानात सहा वर्षांचा शर्यतीचा घोडा आला आहे. थोडा रोडावलेला आहे. पूर्वीच्या तबेल्याइतकीच चंदी (धान्याचा खुराक) देतो, पण तो अर्धी टाकतो आणि खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला धावतो. मुळातच तापट असेल का?

उत्तर : स्वभावाला बोल लावण्याआधी जठर तपासून घ्या. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरते, मग पोट भरलेले असो की रिकामे. गवत चावताना सुटणारी लाळ ते सौम्य करते. शर्यतीच्या तबेल्यात मात्र चंदी फार आणि गवत कमी. त्यात धावताना आम्ल उसळून जठराच्या वरच्या, संरक्षक चिकट थर नसलेल्या भागावर येते. म्हणूनच सरावातल्या बहुतेक घोड्यांना तिथे व्रण असतात. चंदी टाकणे, तंगाला चिडणे, अंगावरची चमक जाणे ही त्याची नेहमीची लक्षणे. पक्के निदान एंडोस्कोपीनेच होते.

पशुवैद्यक बहुधा आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल देतील : दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. सकाळी अनशापोटी द्यायचे आणि अर्ध्या-एक तासाने चारा टाकायचा. माणसांच्या कॅप्सूल कुटून देण्याची काटकसर करू नका. वरचे आवरण फुटले की औषध जठरातल्या आम्लातच निकामी होते.

औषधाइतकाच चारा महत्त्वाचा. ४५० किलोच्या घोड्याला वजनाच्या २ टक्के, म्हणजे रोज सुमारे ९ किलो वाळलेले गवत लागते. ते जाळीत भरून टांगा, म्हणजे सावकाश खाल्ले जाईल. पाच-सहा तासांहून अधिक काळ तोंड रिकामे राहू देऊ नका. चंदी १० ते १४ दिवसांत टप्प्याटप्प्याने कमी करा. एका वेळेला २ किलोपेक्षा जास्त धान्य गेले, तर ते न पचता मोठ्या आतड्यात उतरून आंबते. तिथून पोटशूळ, आणि खुरांच्या आतला दाहही सुरू होऊ शकतो.

माकडहाड आणि कमरेची हाडे वर आलेला, खरोखर उपाशी घोडा ही वेगळी गोष्ट. दया येऊन चंदीची बादली पुढे ठेवली, तर तीच जीव घेते. पिष्टामुळे इन्सुलिन वाढते. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि तीन ते पाच दिवसांत हृदय बंद पडू शकते. पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलो वाळलेला लसूणघास, एवढेच द्या. मग हळूहळू वाढवत दहाव्या दिवसाच्या सुमारास हवा तेवढा चारा. हे सगळे पशुवैद्यकाच्या देखरेखीत.

प्रश्न : पुढच्या पायाची मागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सुजली होती. महिन्याभरात सूज उतरली, लंगडणेही थांबले. आता कुरणात मोकळा सोडावा का?

उत्तर : मुळीच नको. सूज उतरली म्हणजे कंडरा सांधली असे नाही. फाटलेल्या तंतूंच्या जागी आधी कमकुवत, कमी लवचीक ऊतक भरते आणि त्याला ताकद यायला ९ ते १२ महिने जातात. कुरणातल्या एका भरधाव धावेत ते पुन्हा फाटते. सध्या लहान आवारात ठेवा आणि हाताने धरून दिवसातून दोनदा १० मिनिटे चालवा. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवा. दुडकी चाल चौथ्या महिन्याआधी नाही, आणि प्रत्येक टप्प्याआधी सोनोग्राफी. रोज दोन्ही पायांवर हात फिरवून पाहा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर एक पायरी मागे या.

प्रश्न : लगाम ओढला की आमची घोडी थांबायचे सोडून वेग वाढवते. तोंडात अधिक कडक कडी (लगामाचा तोंडातला धातूचा भाग) वापरावी का?

उत्तर : कडक कडीने ती आणखी पळेल. ती बिचारी शिकवलेलेच करते आहे! शर्यतीत लगाम ताणलेला असतो आणि घोडा त्या ताणावर रेलून धावतो. म्हणून ओढून धरू नका. लगाम आवळा-सोडा करा, मोठ्या वर्तुळात वळवा, आवाजाने थांबायला आधी जमिनीवरूनच शिकवा. जॉकीच्या रिकिबी आखूड असतात, त्यामुळे पोटऱ्यांचा स्पर्श तिला नवा आहे. जॉकीला बहुधा चालत्या घोड्यावर उचलून बसवतात, म्हणून चढायच्या ओट्याजवळ स्थिर उभे राहणेही शिकवावे लागेल. हे सगळे दोन-तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर. तोवर पाठीचे स्नायू बदललेले असतात, तेव्हा खोगीर नव्याने मापून घ्या.

प्रश्न : घोडा गव्हाणीची कड दातांत धरून वारा गिळतो. गळ्याचा पट्टा लावू का?

उत्तर : पट्ट्याने खोड दबते, कारण तसेच राहते. बराच वेळ एकटे कोंडून राहणे, कमी गवत आणि जठराचे दुखणे यांतून ती लागते. जुनी खोड पूर्ण जाईलच असे नाही, पण गवत आणि मोकळीक वाढली की बरीच कमी होते. शेजारी शांत, वयस्क सोबती ठेवा, मात्र नव्या घोड्याचे २१ दिवसांचे विलगीकरण संपल्यावरच. तोवर रोज ताप पाहा; ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा जबड्याखाली गाठ आली, तर पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा.