जैवविविधतेवर व्हिडिओ करायला पत्रकारांना आणि रील करणाऱ्या तरुणांना काय शिकवावे?

तालुका पातळीवरचे पत्रकार आणि इन्स्टाग्राम-यूट्यूबवर व्हिडिओ टाकणारे तरुण यांच्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे, तर कॅमेरा, संपादन आणि व्ह्यूज यांपैकी कशावर भर द्यावा, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे, की या तिन्हींपैकी कशावरही नको. पहिला पूर्ण दिवस मोबाइल खिशात ठेवायला लावून सर्वांना जंगलात, सड्यावर किंवा खाडीकाठी फिरवावे आणि प्रत्येकाने काय पाहिले ते संध्याकाळी त्याच्याकडून लिहून घ्यावे. उभी चौकट, कॉलर माइक आणि मथळे या गोष्टी ही मुले आपल्यापेक्षा चांगल्या जाणतात. त्यांना जे येत नाही ते म्हणजे एका जागी बसून पाहणे.

हे मी आंबोलीतल्या एका पावसाळी कार्यशाळेच्या अनुभवावरून लिहीत आहे. माझ्यासोबत आणखी एक प्रशिक्षक होते. पहिल्या तीन सेकंदांत हालचाल दिसली नाही तर प्रेक्षक पुढे सरकतो आणि म्हणून प्राणी हलला पाहिजे, हे ते मुलांच्या मनावर सतत बिंबवत होते. आंबोलीत पहिल्या जोरदार पावसानंतर मलबार ग्लायडिंग फ्रॉग नावाचा हिरवागार बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर अंडी घालतो. मादीच्या अंगातून निघणारा स्राव मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस केला जातो आणि आजूबाजूची पाने त्या फेसाला चिकटतात. बाहेरचा थर हळूहळू सुकतो, आतला भाग ओला राहतो, आणि काही दिवसांनी त्यातून सुटलेली पिल्ले थेट खालच्या पाण्यात पडतात. या साऱ्या रचनेचा अर्थ त्या फेसाच्या बरोबर खाली पाणी असण्यात आहे.

आमच्या गटातल्या एका तरुणाने, ज्याचे अनुयायी बरेच होते, उजेड नीट मिळावा म्हणून तशी एक फांदी सुतळीने मागे ओढून बांधली. फेस मोबाइलच्या चौकटीत सुंदर दिसू लागला, पण आता तो पाण्यावर नव्हता, चिऱ्यांच्या फरसबंदीवर होता. माझ्या सहकाऱ्यांनी त्या चौकटीची सर्वांसमोर स्तुती केली. मी सुतळी सोडायला सांगितली, तेव्हा त्यांनी मुलांसमोरच मला सुनावले, की असे सोवळे पाळले तर निसर्गाचे व्हिडिओ कोणी पाहणार नाही. त्यावर आमची बरीच वादावादी झाली. सुतळी मात्र सुटली.

त्याच गटात सावंतवाडीकडचा एक वार्ताहर होता. त्याला उजेडाची चिंता नव्हती. फांदीखाली पाण्याची सिमेंटची टाकी होती, आणि ती कोणाची, हे विचारायला तो सरळ मागच्या घरात गेला. घरातल्या आजी म्हणाल्या, “दरवर्षी येता तो फेस. पिलां खाली पडतत, म्हणान आमी पावसात टाकी उपसणव नाय.” या एका वाक्यावर त्याने आपला व्हिडिओ उभा केला: आधी आजींचा हात टाकीच्या कडेवर, मग वर फांदीकडे जाणारी त्यांची नजर, मग फेस आणि खालचे पाणी एकाच चौकटीत. त्यात कोणताही प्राणी उडी मारत नव्हता. तो व्हिडिओ गावातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरला आणि शेजारच्या काही घरांनीही टाकी घासून ब्लीचिंग पावडर टाकण्याचे काम पाऊस सरेपर्यंत थांबवले. जैवविविधतेच्या व्हिडिओचे यश मी यात मोजतो, आणि हे माझ्या त्या सहकाऱ्यांना आजही मान्य नाही.

त्यांचा युक्तिवाद मी नंतरही अनेकांकडून ऐकला आहे: लोकांना प्राणी जवळून पाहायचा असतो, तेवढ्याने काय बिघडते? बिघडते ते असे. आग्नेय आशियातल्या स्लो लोरिस या लहानशा निशाचर प्राण्याला गुदगुल्या करण्याचा व्हिडिओ २००९ मध्ये जगभर पसरला. हात वर करून तो लाड करून घेत आहे असे पाहणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात त्याची विषग्रंथी कोपराजवळ असते आणि हात वर करणे हा त्याचा बचावाचा पवित्रा आहे. भीतीला लाड समजून कोट्यवधी लोकांनी ते दृश्य पाहिले आणि अनेकांना तसा प्राणी घरी पाळावासा वाटला. आपल्याकडे साप हातात धरून केलेल्या रीलही याच जातीच्या आहेत. तोंड आ वासलेला, अंग फुगवलेला साप ‘रागावलेला’ नसतो, त्याला पळायला वाट उरलेली नसते. शिवाय विनापरवाना साप पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे कार्यशाळेत पहिल्याच तासाला सांगावे.

ठिकाण उघड करावे की नाही, यावर मात्र एक सत्र अवश्य ठेवा. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात सापडलेल्या माशाचे शिस्टुरा हिरण्यकेशी असे नामकरण २०२० मध्ये झाले आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. तिथे ठिकाण सांगणे हाच संरक्षणाचा भाग आहे, कारण स्थळाला कायद्याचे आणि देवस्थानाचे असे दुहेरी पाठबळ आहे. एखाद्या ओढ्याकाठच्या दुर्मीळ ऑर्किडला किंवा घुबडाच्या घरट्याला असे कोणतेही पाठबळ नसते. आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातीची नोंद केली, की नेमकी जागा आपोआप अंधुक केली जाते. इन्स्टाग्रामवर ती काळजी व्हिडिओ टाकणाऱ्यालाच घ्यावी लागते. नुसता लोकेशन टॅग काढून भागत नाही. मागे दिसणारा मैलाचा दगड, देवळाचा कळस किंवा हॉटेलची पाटीही जागा सांगून जाते.

व्ह्यूजच्या प्रश्नाला मी बगल दिली असे वाटू नये म्हणून सांगतो, की पहिली तीन सेकंदे महत्त्वाची असतात हे खरेच आहे. त्या आजींचे वाक्य पहिल्या तीन सेकंदांतच होते. तसेच, पहिला दिवस मोबाइलविना घालवण्याचा माझा आग्रह रोज बातमी द्यावी लागणाऱ्या पत्रकाराला परवडत नाही, हेही मला ठाऊक आहे. त्याच्यासाठी सकाळचे काही तास ठेवले तरी चालेल. कासवांच्या पिल्लांसारख्या विषयात तर थांबायला वेळच नसतो. वेळासच्या किनाऱ्यावर पिल्ले समुद्राकडे निघतात तेव्हा मोबाइलचा दिवा बंद, हात मागे आणि वाळूवर पाऊल जपून, एवढेच शिकवावे.

अंदाजपत्रकात स्थानिक वाटाड्याचे मानधन बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकाइतके ठेवा, कारण बेडूक कोणत्या टाकीवर येतो हे त्यालाच माहीत असते. आणि प्रशिक्षक निवडताना त्याचे गाजलेले व्हिडिओ पाहून भुलू नका. त्यातल्या एखाद्याचे न कापलेले, मूळ चित्रीकरण मागा. प्राणी स्वतःहून तिथे आला होता की त्याला आणून बसवले होते, ते त्यात लगेच दिसते, आणि ते दाखवायला जो कां-कूं करील त्याला बोलावू नका.